आक्काची ढाल

लोंढा जंक्शनच्या फलाटावरून मी निघाले तेव्हा माझी बॅग आक्काच्या हातात होती आणि तिकीट तिच्या पर्समध्ये. डबा कुठं लागतो हे तिनं हमालाला कन्नडमध्ये विचारलं, माझ्या खिडकीच्या जागेवर पसरलेल्या गृहस्थांना हिंदीत उठवलं, बॅग सीटखाली सरकवली आणि तिकीट माझ्या हातात दिलं. "बंगळूरला विमानतळाची बस स्टेशनाभायेरच मिळती. इचारायला लाजू नको," एवढं सांगून ती खाली उतरली. खिडकीबाहेर आई डोळे पुसत होती आणि आप्पा उगीच सिग्नलकडं बघत होते. मला रडू आलं ते नंतर. आधी तिकीट दोनदा तपासलं, कारण गाडीत आता आक्का नव्हती.

आमच्या सीमाभागातून बाहेर पडलेल्यांना आणि अजून तिथंच असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. प्रत्येक मराठी घरात एक माणूस असतो, ज्याला खिडकीपाशी पुढं ढकलतात. बँक असो, डेपो असो, दवाखाना असो, कन्नडमध्ये बोलायची वेळ आली की तो पुढं आणि सगळं घर मागं. आमच्या घरात ते काम शाळेत असल्यापासून आक्काकडं होतं. जंगलातून एकटे गुरं हाकत आणणारे आमचे आप्पा खिडकी दिसली की म्हणायचे, "शोभे, तू म्होरं हो." मग शोभा पुढं, तिच्या मागं आप्पा, त्यांच्या मागं आई आणि आईच्या पदराला धरून मी. कन्नडमध्ये मला आक्कापेक्षा जास्त मार्क पडायचे, पण खिडकीतला माणूस मार्क विचारत नाही.

आता मी आयर्लंडमध्ये कॉर्कला असते. औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये गोळ्या तपासते. बॅच, शिफ्ट, रिपोर्ट, ऑडिट यांत दिवस जातो. इथं कशाचंही उत्तर 'ग्रँड' असतं. चहा ग्रँड, काम ग्रँड, पाय मोडला तरी माणूस ग्रँड. पावसाचं मात्र इथल्या लोकांना फार कौतुक आहे. चार महिने धो धो पावसात काढणाऱ्या आमच्या खानापूर तालुक्यातल्या मुलीला पाऊस दाखवायला बघतात, मीही 'ग्रँड' म्हणते.

या सगळ्यात माझा हक्काचा वेळ म्हणजे रविवारची दुपार. तिकडं तेव्हा दिवेलागण झालेली असते. निपाणीला बँकेत असलेला माझा चुलतभाऊ सागर यानं आम्हां सगळ्यांना एका ऑनलाइन खेळाचं वेड लावलं. पाच जण लागतात. सागर, मी, बेळगावात शाळेत गणित शिकवणारी आक्का, बंगळूरचा मावसभाऊ किरण आणि किरणचा रूममेट मंजुनाथ. मंजुनाथ हुबळीकडचा, मराठी समजतं, बोलतो कन्नडमिश्रित.

ज्यांनी असले खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. पाच जणांनी मिळून गुहेत शिरायचं आणि आतल्या राक्षसांना लोळवायचं. त्यात एक जण ढाल घेऊन सगळ्यांत पुढं. राक्षसांना डिवचून त्यांचं लक्ष स्वतःवर ओढायचं, मार खायचा आणि त्यांची तोंडं बाकीच्यांकडून दुसरीकडं वळवायची. इंग्रजीत त्याला टँक म्हणतात, आम्ही म्होरक्या म्हणायचो. एक जण जखमा बऱ्या करतो, तो आमचा डॉक्टर सागर. उरलेल्यांनी मागून हाणायचं. म्होरक्या कोण असणार हे तुम्ही ओळखलंच असेल. मी धनुष्य घेतलं होतं, कारण धनुष्यवाल्याला सगळ्यांत लांब उभं राहता येतं.

खरं तर राक्षस हे निमित्त होतं. दोन मारामाऱ्यांच्या मध्ये भाताची लावणी आटोपली का, आईचा गुडघा काय म्हणतो, कुणाचं लग्न जमलं, हे सगळं होऊन जायचं. पुण्यात शिकताना मी खटपट करून 'येते, जाते' म्हणायला शिकले होते. हेडसेट कानाला लावला की आमच्याकडच्या बायकांसारखं 'येतो, जातो' आपोआप सुरू व्हायचं, आणि आठवडाभर अवघडलेली जीभ मोकळी व्हायची.

मग आक्का बाळंतपणाला आईकडं गेली. गावात रेंज झाडावर चढल्याशिवाय मिळत नाही म्हटल्यावर खेळ कुठला. ढाल बेवारस झाली. सागरनं खेळातूनच एक अनोळखी म्होरक्या पकडून आणला. तो जो पळत सुटला तो आमच्याकडं वळून बघेना. "ह्याच्या घरात दूध उतू चाललंय का काय?" सागर म्हणाला. पण खरी पंचाईत वेगळीच होती. परक्या माणसासमोर आईच्या गुडघ्याचं कोण काढणार? सगळे मुकाट्यानं बटणं दाबत राहिले. पुढच्या रविवारी किरण म्हणाला, "आज जमंल असं वाटत न्हाय." त्याच्या पुढच्या रविवारी सागरला पाहुणे आले.

असंच एकेक करून बंद पडतं, हे मला माहीत होतं. कॉलेजच्या मैत्रिणींचा ग्रुप असाच वाढदिवसाच्या केकांपुरता उरलाय. रविवार गेला तर मी आठवडाभर नुसती ग्रँडच राहणार होते. म्हणून घाबरत घाबरत ग्रुपवर लिहिलं, 'आता मी होते म्होरक्या.' मग मंजुनाथचा व्हॉइस मेसेज आला, "नडी नडी, मॅडम." म्हणजे, चला, चला. माझ्या धनुष्याला खेळातलाच, कॉम्प्युटरनं चालवलेला एक गडी घेतला; म्होरक्या मात्र माणूसच लागतो.

म्हणायला सोपं. पुढं असलेला वाट चुकला की पाचही जण चुकतात, आणि त्याचा धीर सुटला की पाचही जण मरतात. त्या रविवारी मी गुहेच्या दाराशी उभी राहून विचारलं, "सगळे तयार?" किरण चहा आणायला गेला होता. तो येईपर्यंत थांबले. आला तेव्हा पुन्हा विचारलं. मग मंजुनाथला पाणी प्यायचंय का तेही विचारलं. सागर म्हणाला, "रंजू, पंगत वाढायची न्हाय हितं. चल की."

गेले. समोरून चार राक्षस धावून आले, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं मी सागरच्या मागं जाऊन उभी राहिले. ढालीसकट. राक्षसांनी समोर दिसला त्या डॉक्टरला धुतलं, मग आम्हां सगळ्यांना. "म्होरक्या मागं काय करतोय?" किरणला हसू आवरेना. सगळे हसण्यावारी नेत होते, पण माझा चेहरा पडला होता. सॉरी म्हणून म्हणून माझं तोंड दुखलं आणि डोकं दुखतंय असं सांगून मी उठले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आक्काला फोन लावला. गावच्या घरातला लँडलाइन अजून चालू आहे, हे आमचं नशीब. ती बाळाला मांडीवर थोपटत होती. म्हटलं, "आक्का, मला सगळ्या वाटा सांग. मी लिहून घेतो."

"मला कुटं म्हाईत हुत्या?" ती म्हणाली. "चुकलो की म्हणायचो, जरा हिकडं बगून येऊया. तुमी येत हुतासा."

मी हसले, पण मनात दुसरंच आलं. विचारलं, "आणि बँकेत? डेपोत?"

"तितंबी तसंच गं. निम्मं कन्नड मनानंच बोलायचो. पाय लटलट कापायचे माजे. पर मागं तू, आई, आप्पा हुबी. पळून जायला वाट कुटं हुती?" असं म्हणून ती स्वतःच हसली, आणि बाळ जागं झालं म्हणून फोन ठेवला.

मी हातातलं सँडविच विसरून बसून राहिले. पुढं उभं राहणाऱ्याला भीती नसते, म्हणून तो पुढं असतो, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. आक्काच्या पाठीकडं बघत मोठी झाले आणि तिचे पाय कापतात हे मला कधी दिसलं नाही. तिचा राग आला, माया आली, आणि खूप हलकंही वाटलं. मग भीती आहे तशीच घेऊन जाता येईल की.

पुढच्या रविवारी मी तयार आहात का असं एकदाच विचारलं आणि शिरले. पहिल्या वळणालाच चुकले. "जरा हिकडं बघून येऊया," म्हटलं, आणि काय सांगू, सगळे मुकाट आले. आतल्या रानडुकराएवढ्या, नव्हे ट्रॅक्टरएवढ्या डुकराला डिवचून मी त्याचं तोंड भिंतीकडं वळवलं. खुर्चीत बसूनसुद्धा माझे पाय कापत होते. ढालीवर दणके बसत होते, मागून बाण, आगीचे गोळे आणि किरणच्या शिव्या जात होत्या, आणि सागर मला बरं करता करता सांगत होता की त्याच्या पोरीनं शाळेत कन्नड भाषणात बक्षीस मिळवलं. त्या दिवशी आम्ही दोनदा मेलो, तिसऱ्यांदा डुक्कर मेलं. कुणालाही पाहुणे आले नाहीत.

यानं माझ्यात फार बदल झाला असं सांगता आलं असतं तर छान वाटलं असतं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी अजून कोपऱ्यातली खुर्ची धरते. पण रविवारी मी म्होरक्या आहे, आणि रविवार अजून आहे.

गेल्या महिन्यात आक्का बेळगावला परतली आणि खेळायला आली. मी मनातून जरा खट्टू झाले, तरी म्हटलं, "आक्का, तुझी ढाल घे."

"ऱ्हाऊ दे. लई वरसं म्होरं चाललो," ती म्हणाली. "आता तू चल. मी येतो मागनं."

तिनं माझं जुनं धनुष्य उचललं. आक्का मागं उभी आहे, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. पूर्वी मला विचारलं असतं तर मी म्हणाले असते की घर म्हणजे कुणाच्या तरी पाठीमागची जागा. आता ती जागा माझ्या पाठीमागं आहे, तिच्यात चार माणसं आहेत, आणि त्यांतलं एक सारखं रस्ता चुकतं.

"रंजू, कुटं हाईस गं? मला दिसंना."

"हितंच हाय आक्का," म्हटलं. "ये सावकाश. तू आल्याबिगर मी आत जात न्हाय."