पहिल्या सळईचा तुकडा

रोज सकाळी कबाबांची पहिली सळई भाजून झाली की माझे सासरे, उस्ता नुर्मत, तिच्या टोकाचा चरबीचा तुकडा सगळ्यांसमोर तोंडात टाकत, डोळे मिटत, आणि मग कालव्यावर हात धुवायला जात. मार्गिलानच्या त्या चहाखान्यात हीच रीत होती. शेगडीवरचा उस्ता आधी खातो, मग गिऱ्हाईक. त्याने खाल्लं नाही तर मांसात खोट आहे असं धरून लोक उठतात आणि समोरच्या दुकानात जाऊन बसतात.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरीणबाईंनी मेंढीच्या शेपटाची चरबी पूर्ण बंद केली. सासरे निमूट मान हलवत राहिले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "पोरी, बाईंनी माझा धंदा काय ते विचारायला हवं होतं."

मी नवी सून. घरातले कपडे धुणं माझ्याकडे. त्यांच्या रुमालावर रोज मधोमध तेलकट डाग असे. एके दिवशी घडीत तुकडाच सापडला, गार झालेला, न चावलेला. तेव्हा मला कळलं. तुकडा गालात धरून ते कालव्यावर जात, पाठ वळवून रुमालात काढत आणि चहाखान्याच्या मांजराला घालत. त्या दिवशी मांजर आलं नसावं. मी रुमाल धुतला आणि दुसऱ्या सकाळी घडी घालून त्यांच्या हातात दिला.

वास मात्र सासूबाईंना यायचा.

"चाळीस वर्षं संसार केलाय तुमच्याशी. मला कळत नाही होय?"

"दिवसभर शेगडीपाशी बसतो, ओयदिन. गुलाबाचा वास येईल का?"

"आणि रुमाल? मला विधवा करायची एवढी घाई झालीय तुम्हाला?"

ते उठून अंगणात जात. त्यांनी खरं सांगितलं असतं, तर सासूबाईंनी ते बहिणीला सांगितलं असतं आणि शुक्रवारपर्यंत बाजारभर झालं असतं, की उस्ता स्वतः थुंकतो ते लोकांना विकतो. तोंडात घेतलेलं अन्न बाहेर टाकणं आमच्याकडे पाप. म्हणून चहाखान्यात खाल्ल्याचं सोंग, आणि घरी चोरून खाल्ल्याचा आळ. थोरांच्या बोलण्यात सुनेने पडायचं नसतं. मी चहा ओतत राहायची.

संध्याकाळी ते अंगणात छोटी शेगडी पेटवत. वांगी सालीसकट भाजून, साल काढून, लसूण आणि कोथिंबीर घालून ठेचत. टोमॅटो, ढबू मिरची. कातडी काढून दह्यात मुरवलेली कोंबडी. कधी मासा, कांद्याच्या जाड चकत्यांवर ठेवलेला. "दोनदा उलटला की मासा रुसतो," म्हणत. पहिला घास घेताना तेव्हाही डोळे मिटत. सकाळचं मिटणं आणि संध्याकाळचं मिटणं यांतला फरक फक्त मला ठाऊक होता.

एकदा त्यांनी धीर केला. चहाखान्यात कोंबडी आणि मिरचीच्या तीन सळया लावल्या. रोजचे गिऱ्हाईक, रेशमाचे व्यापारी कोसिम आका, वाकून बघू लागले.

"उस्ता, घरात कोणी बाळंत झालंय का?"

"खाऊन बघा, आका. छाती हलकी राहते."

"माझा खिसा हलका आहे तेवढं पुरे. शेपटाचं द्या. नाहीतर तुमचं मांजर काय खातं ते द्या. बघा की, कसं गुबगुबीत झालंय."

सगळे हसले. सासरेही हसले, पण हात नकळत कमरेच्या रुमालावर गेला. त्या तिन्ही सळया रात्रीच्या जेवणात आम्हीच संपवल्या.

गेल्या वसंतात चहाखान्यात अंदिजानचं वऱ्हाड उतरलं. वराच्या चुलत्याने मान म्हणून चरबीचा घास स्वतःच्या हाताने उस्तांच्या तोंडात घातला. मग दुसऱ्या वडीलधाऱ्याने, मग तिसऱ्याने. असा घास तिथेच, त्यांच्या डोळ्यांदेखत गिळायचा असतो. "एवढा मान मार्गिलानात कोणाला मिळाला नसेल," कोसिम आका नंतर सांगत होते. दुपारी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन-तीन घासांनी असं होत नाही, हृदय आधीच थकलं होतं. सासूबाईंना ते पटलं नाही. "चोरून खात होते," त्या अजून म्हणतात.

त्यांचे कपडे माझ्याच हातात आले. दोन्ही रुमाल मी घातलेल्या घडीत होते, कोरडे. सासूबाईंपुढे ते ठेवून खरं काय ते सांगावं असं रोज वाटतं. पण आता त्या शेगडीवर माझा नवरा बसतो, वडिलांच्या नावावर, आणि पहिला तुकडा तो खातो.

त्या सकाळी सासरे दारात बूट चढवत होते. मला म्हणाले, "पोरी, आज दोन रुमाल दे, वऱ्हाड आहे. आणि संध्याकाळला वांगी कोवळी बघून घे, बियांची नकोत."