देओक्लेसियोची शिसारी

देओक्लेसियो बेझेर्राला पहिल्यांदा मळमळलं ते भाचीच्या फोटोच्या दुकानात, भर सकाळी. रोझिनेइदेने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला आणि म्हणाली, "मामा, ओळख बघू, कुठलं चर्च हे?"

चर्च त्यांच्याच क्रातो गावातलं होतं. त्याचं लग्न तिथेच लागलं होतं आणि बायकोची शवपेटीही तिथूनच बाहेर पडली होती. पण पडद्यावरचं आभाळ मुका मार लागलेल्या मांडीसारखं काळंनिळं झालं होतं. भिंतीच्या चुन्याचा एकेक पोपडा खपलीसारखा वर आला होता. मनोऱ्याभोवती पांढरट कड होती, जणू कुणी तो कात्रीने कापून दुसऱ्याच कागदावर डकवला होता. झाडांचा हिरवा रंग तर असा, की गुरांनीही तोंड लावलं नसतं.

"बिघडलाय तुझा पडदा," तो म्हणाला आणि शर्टाच्या बाहीने काच पुसायला लागला.

रोझिनेइदेला हसू आवरेना. "पडद्याला काय धाड भरलीय! याला एचडीआर म्हणतात. एकच जागा तीनदा टिपायची. एकदा अंधारी, एकदा बेताची, एकदा लख्ख. मग तिन्ही एकात मुरवायच्या आणि रंग चढवत न्यायचे. काहीसुद्धा लपत नाही बघ."

"लपू दे की थोडं," देओक्लेसियो पुटपुटला आणि तोंडात मळमळीचं पाणी आलं म्हणून दाराबाहेर जाऊन थुंकून आला.

फोटो हा त्याच्या हयातभराचा धंदा होता. तो फोटो रंगवायचा. खेड्यापाड्यांतून फिरते दलाल लोकांचे चुरगळलेले, डागाळलेले फोटो गोळा करून आणत, आणि देओक्लेसियो ते मोठे करून त्यांवर ब्रश फिरवी. अनवाणी शेतमजुराला कोट चढवी, बाईच्या कानात मोत्याचे डूल घाली, कधीच एकत्र न बसलेल्या नवराबायकोला एका चौकटीत शेजारी बसवी. डोंगरपायथ्याच्या कितीतरी घरांत त्याच्या हातचे निळे कोट आणि गुलाबी गाल भिंतीवर होते. पुढे संगणक आला, दलाल यायचे बंद झाले, आणि पुढच्या खोलीत भाचीने पासपोर्टचे आणि लग्नाचे फोटो काढायला सुरुवात केली. तो मागच्या खोलीत राही आणि दिवसभर दुकानातल्या बाकावर बसे. बायको गेल्यापासून त्याला दुसरं कुठे बसायचं होतं?

ते दोन हजार अकरा साल होतं, आणि त्या वर्षी रोझिनेइदे नुसती झपाटली होती. कॅमेरा नि तिपाई घेऊन भटकायची आणि संध्याकाळी एकेक चित्र चढत्या रंगात भाजून काढायची. आटलेला तलाव, उसाच्या रसाचे बंद पडलेले चरक, गंजलेला ट्रक. सोमवारच्या बाजारातली डुकरांची मुंडकी तिने मोठी करून थेट बाकाच्या वरच लावली. मुंडक्याच्या नाकपुडीतला ओलावासुद्धा चमकत होता, आणि गालावरचे राठ केस मोजून घ्यावेत असे. देओक्लेसियोने बाक ओढून समोरच्या भिंतीला लावला. तिथे मुंडकी समोर आली. शेवटी तो बाक सोडून मागच्या खोलीतच जेवायला लागला, पण मक्याच्या उकडलेल्या सांज्यावरचं अंडं फोडलं की पिवळा बलक त्याला भाचीच्या सूर्यास्तासारखा दिसे आणि ताट बाजूला सारावं लागे.

गावाला मात्र वेड लागलं. हॉटेलवाल्याने जेवणाच्या दालनात तलाव टांगला. दाताच्या डॉक्टरने चर्च घेतलं. न्हावी वाल्देमिरो तर दुकानात शिरला की पाघळायचा.

"काय पोरगी आहे तुझी भाची! खऱ्यापेक्षा खरं दिसतं रे!"

"खऱ्यापेक्षा खरं म्हणजे काय?"

"म्हणजे... आभाळ बघ की! आपल्या आभाळात एवढं असतं हे मला ठाऊकच नव्हतं."

"नसतंच, गाढवा," देओक्लेसियो म्हणाला. "तुझं डोकं जरा वर करत जा."

"तुला मत्सर वाटतो, म्हाताऱ्या," वाल्देमिरो म्हणाला आणि गंजलेल्या ट्रकची एक प्रत सांगून गेला.

मत्सर असेलही. देओक्लेसियोने त्यावर रात्रभर विचार केला आणि त्याला स्वतःत थोडासा सापडलाही. पण मत्सराने माणसाचं पोट ढवळत नाही.

मग रोझिनेइदेने आपल्या आईला धरलं. अल्झेनीर ही देओक्लेसियोची मोठी बहीण, ऐंशीला टेकलेली, गावाबाहेर चढावर एकटी कोंबड्या पाळून राहणारी. लेक फोटो काढणार म्हणून तिने केस विंचरले, फुलाफुलांचा झगा घातला, हात कोपरापर्यंत साबणाने घासून धुतले. रोझिनेइदेने झगा बदलायला लावला. "रोजचा घाल आई, तो विटका." मग तिला दारात चवळीच्या शेंगा सोलायला बसवलं. फोटो काढला एकच. म्हातारी हलल्याशिवाय राहत नव्हती, म्हणून त्या एकाचेच अंधारा, बेताचा आणि लख्ख असे तीन करून एकमेकांत मुरवले.

त्या फोटोला फोर्तालेझा शहरातल्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. फळीवर चढवलेला, दाराएवढा मोठा, तो क्रातोत जुन्या स्टेशनच्या सभागृहात लागला. उद्‌घाटनाला अल्झेनीर भावाचा हात धरून आली, या खेपेला फुलाफुलांच्याच झग्यात.

देओक्लेसियोने फोटो लांबून पाहिला आणि त्याची पावलं अडली. त्याच्या बहिणीचा चेहरा कढईत तळून काढल्यासारखा दिसत होता. प्रत्येक सुरकुतीत काजळ भरलेलं, गालांची कातडी फाटलेल्या जोड्यासारखी, डोळ्यांच्या कडा मांसासारख्या लाल. भोवतीची भिंत नारिंगी पेटलेली. हे बघवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती. वाळलेल्या पानांच्या खड्ड्यात मेलेलं जनावर दिसावं तसं.

अल्झेनीर अगदी जवळ गेली. चेहऱ्याकडे तिने फारसं पाहिलं नाही. ती हात बघत होती.

"देओ," ती हळूच म्हणाली, "माझ्या नखांत घाण आहे."

"घाण नाही, ताई. यंत्राने सावली काळी केलीय."

"मी साबणाने धुतले होते रे. तू विचार तुझ्या भाचीला. दोनदा धुतले." तिने दोन्ही हात झग्याच्या खिशांत घातले. "गाव म्हणेल, या हातांनी ही अंडी विकते."

तेवढ्यात परीक्षक मंडळातली एक बाई, फोर्तालेझाहून आलेली, गळ्यात मोठ्ठे लाकडी मणी, पुढे आली आणि तिने अल्झेनीरला मिठीच मारली. "आजी! तुमच्या चेहऱ्यावर केवढं सोसणं लिहिलंय!"

"सोसणं?" अल्झेनीर म्हणाली. "सोसलं असेल थोडंफार. पण हसले जास्त. ते दिसत नाही का?"

बाईला तो विनय वाटला. ती डोळे मिटून हसली, आणि मग बोटाचं टोक फोटोतल्या गालावरून, त्या काजळलेल्या खाचांवरून फिरवायला लागली. देओक्लेसियोला वाटलं, ती खपल्या काढतेय. तो सभागृहाबाहेर गेला आणि जुन्या रुळांच्या कडेला वाकून ओकला. कॉफी, केक, सगळं.

भाची मागोमाग आली. "मामा! बरं नाही का?"

"मला काय होतंय! तू तुझ्या आईची कातडी सोललीस आणि भिंतीला टांगलीस."

रोझिनेइदेचा चेहरा लाल झाला. "आणि तू काय केलंस जन्मभर? ज्यांना चप्पल मिळाली नाही त्यांना टाय बांधलेस! निळे कोट! सगळं खोटंच ना?"

"टाय मी दिला. त्यांनी मागितला म्हणून दिला. काढून काही घेतलं नाही."

"आणि ती मेलेली पोर? तूच सांगितलंस मला. पेटीतल्या पोरीचे डोळे तू उघडे रंगवलेस."

देओक्लेसियोने रुमालाने तोंड पुसलं. त्या पोरीची आई फोटो न्यायला आली होती, ते त्याला आठवलं. आईनेच डोळे उघडे मागितले होते. तिने एकदाच पाहिलं, "हिचे डोळे असे नव्हते" एवढंच म्हणाली आणि फोटो पालथा धरून घेऊन गेली. त्या दिवशीही रंगात घालायच्या टर्पेंटाइनच्या वासाने त्याचं पोट असंच उलटलं होतं.

"हो, रंगवले," तो म्हणाला. "म्हणून तर मला कळतंय. आत जाऊन आईचे हात बघ. खिशातून बाहेर काढत नाहीये ती."

रोझिनेइदे आत गेली. आई-लेकीचं काय बोलणं झालं ते त्याने ऐकलं नाही, पण प्रदर्शन संपायच्या आधीच तो फोटो तिथून उतरला. मणीवाली बाई चिडली, नगरपालिकेचा माणूस म्हणाला की असं मध्येच नेता येत नाही. अल्झेनीरने त्याला विचारलं, "तोंड कुणाचं आहे, बाळ? तुझं का माझं?" आणि तो बाजूला झाला.

फळी चढावरच्या घरी गेली. रोझिनेइदेला वाटलं, आई जाळून टाकेल. पण अल्झेनीरने बोटांनी ठोकून पाहिली. "चांगली जाड आहे. पावसालाही दाद देणार नाही." कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर गळत होतं. तिने देओक्लेसियोकडून ती छपरावर ठोकून घेतली, चित्राची बाजू खाली करून.

"कोंबड्यांना दिसेल ना, आई," रोझिनेइदे रडवेली होऊन म्हणाली.

"बघू देत. अंडी द्यायची थांबल्या तर काढू."

यावर भाचीला रडता रडता हसू फुटलं. देओक्लेसियो हसला नाही. खिळे ठोकताना वाकलं की फळीच्या कडेखालून तो नारिंगी रंग दिसत होता, आणि तो मान दुसरीकडे वळवून हातोडा मारत राहिला. अंगठा सुजला.

त्यानंतर रोझिनेइदेने माणसांच्या चेहऱ्यांवर तो प्रयोग केला नाही. चर्च, तलाव, ट्रक मात्र चालूच राहिले, कारण गिऱ्हाईक मागत होतं. मामा-भाची बोलत, पण फोटोवर नाही. दोनतीन वर्षांनी हवा बदलली आणि सगळ्यांना विटलेले, उन्हात वाळत टाकल्यासारखे फिकट फोटो हवेसे झाले. देओक्लेसियोने त्यातल्या एका नवरीकडे पाहिलं, "हिला कावीळ झालीय का?" असं विचारलं, आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसला.

वाल्देमिरोच्या नातीच्या लग्नाचं जेवण त्याच हॉटेलात होतं. देओक्लेसियोला मानाची जागा दिली होती, नेमकी तलावाच्या चित्रासमोर. जांभळं आभाळ, आणि चिखलाची एकेक भेग डोळ्यांत घुसणारी. तो उठला, खुर्ची उचलून त्याने उलटी फिरवली, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून, ताट मांडीवर घेऊन जेवायला बसला. पाहुणे कुजबुजले. वाल्देमिरोने येऊन विचारलं, "हे काय रे, पाठ करून बसलास?"

"भूक लागलीय," देओक्लेसियो म्हणाला, आणि आणखी भात मागवला.