बबलूला जे सांगितलं

नाव : कृष्णराव ढोबळे. मुक्काम : कुरुद, भिलाई. हुद्दा : निवृत्त मालगाडी गार्ड, शेवटी शेवटी पदनाम ट्रेन मॅनेजर, डबा तोच. स्वभाव : शांत. कर्तव्यावर झोपल्याची नोंद : निरंक. शत्रू : एक, अस्वल.

शेवटची बाब रेल्वेच्या कागदांत नाही, कारण अस्वलाचा प्रश्न निवृत्तीनंतर उपस्थित झाला.

अस्वलाचं नाव बबलू, राहणार हरियाली प्राणीउद्यान. कृष्णराव लाईनवर असत, कधी डोंगरगड, कधी गोंदिया, तेव्हा त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई दुपारी बागेत जाऊन कठड्याला टेकून त्याच्याशी बोलत. शेजारी हिंदी नाहीतर छत्तीसगढी. मुलगा ईशान आईलाही हिंदीतच उत्तर देणारा. काटोलकडची मराठी मनसोक्त ऐकवावी असा भिलाईत हा एकच गृहस्थ उरला होता. आणि तो ऐकायचा. बूड टेकून, पोट खाजवत, पण डोळे उघडे ठेवून.

निवृत्तीनंतर कृष्णराव सोबत जाऊ लागले. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, “तुमी तिकडं बाकावर बसा जी. नवीन माणूस पाहून तो बुजते.”

नवीन माणूस बाकावर बसला. तिथे शब्द पोचत नसत. “आन् मंग” तेवढं ऐकू येई, आणि बाईंचं हसू. घरी कृष्णरावांच्या वाट्याला “वाढू का” आणि “नळ आला” एवढंच यायचं. एकदा जेवताना त्यांनी विचारलंच.

“काय सांगत राहते त्याले एवढं?”

“काई नाई. असंच.”

“माह्याबद्दल सांगते का?”

“तुमच्याबद्दल काय आहे सांगाले?”

कृष्णरावांनी वरणावर दुसऱ्यांदा लिंबू पिळलं. अस्वलाला सगळं माहीत आणि आपल्याला काही नाही, हे त्यांना पटत नव्हतं. शिवाय त्याच्या अंगावर केस फार होते. कृष्णरावांच्या डोक्यावर नव्हते.

मग बागेचं नूतनीकरण झालं. कठडा गेला, जाड काच आली. काचेत अस्वल कमी आणि पाहणारा जास्त दिसायचा. बाक काढून तिथे प्लास्टिकचं अस्वल बसवलं, खांद्यावर हात टाकायला तयार. फोटोसाठी रांग त्याच्यापुढे. भोंग्यातून एक बाई अस्वलाची माहिती सांगत राही आणि शिट्टीवाला रखवालदार कोणाला काचेपाशी दोन मिनिटं टिकू देत नसे. सगळं भिलाई कुरकुरलं. एकट्या कृष्णरावांना व्यवस्था आवडली.

“कसं चकाचक केलं पाहा,” ते म्हणाले.

सत्यभामाबाई काचेपाशी गेल्या. “काय रे बबलू, वाळला का तू?” बबलूने मान वळवली नाही. त्यांनी काचेवर बोट वाजवलं.

“माताजी, कांच मत छुइए. आगे चलिए.”

“बोलून राहिली मी त्याच्याशी.”

“वो सुन नहीं सकता, माताजी. आगे.”

काचेत त्यांचा चेहरा होता, आणि त्यामागे हसू दाबणारे कृष्णराव. बाई वळल्या आणि थेट फाटकाबाहेर चालत्या झाल्या.

बाहेर भुईमुगाच्या शेंगा विकणारीच्या शेजारी, कडुलिंबाखाली ओटा होता. बाई बसल्या. कृष्णराव जवळ सरकले. इतक्या दिवसांनी जागा रिकामी झाली होती.

“आता मले सांग,” ते म्हणाले.

“काय?”

“त्याले सांगत होती ते.”

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “सगळं?”

“सगळं. सुरुवातीपासून.”

मग त्या काटोलच्या विहिरीपासून सुरू झाल्या. ईशानच्या बारशाला पाहुणे वाट पाहत होते आणि कृष्णराव डोंगरगडला अडकले होते, ते आलं. पहिल्या उन्हाळ्यात या गावात कोणाशी बोलावं हे कळेना, म्हणून एक दुपार त्या दुर्ग स्टेशनवर नुसत्याच बसून आल्या होत्या, तेही आलं. कृष्णरावांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आपलं नाव आलं की ते मान हलवत. कडुलिंबाची झुळूक होती, आवाज एका लयीत चालला होता. आन् मंग. आन् मंग.

आवाज थांबला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले. शेंगावाली पाठ करून हसत होती.

“तो कधी झोपला नाई,” सत्यभामाबाई म्हणाल्या आणि ऑटो पाहायला उठल्या.

मालगाडी मधेच थांबली की गार्डाच्या डब्यात कृष्णरावांना अशीच जाग यायची.