सरव्याची द्राक्षं

माझ्या सासूबाईंना मी परक्या माणसासमोर चोर ठरवलं, आणि तेसुद्धा शुद्ध, नम्र इंग्रजीत. आठवलं की आजही कानशिलं तापतात.

नवऱ्याला त्याच्या चाकणच्या कंपनीनं काही महिन्यांसाठी आल्प्समधल्या मूळ कारखान्यात पाठवलं होतं. दिवाळीनंतर हिंजवडीच्या माझ्या ऑफिसातून भांडून सुट्टी मिळवली आणि सासूबाईंना घेऊन मी त्याच्याकडे गेले. मी त्यांना आईच म्हणते. 'आईला एकदा बर्फ दाखवायचाय' हा नवऱ्याचा हट्ट. आईंना बर्फाचं काही नव्हतं. नऊवारीवर लेकाचं जाकीट, पायात स्पोर्ट्स शूज, आणि नजर सतत जमिनीवर. "हितं पाणी कुठनं आणत्यात?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

त्या खोऱ्यात जिकडे बघावं तिकडे द्राक्षं. डोंगरउतारावर दगडी ताली रचून केलेल्या बागा, वर पांढरी शिखरं, खाली नदी. गावागावात स्वतःची वाइन करणारी घरं आणि त्यांच्या दारावर लाकडी पाट्या. एका रविवारी नवऱ्याच्या ओळखीनं आम्ही तसल्याच एका घरी गेलो. वायनरी म्हणजे काचेची चकचकीत इमारत असेल असं मला वाटलेलं. निघालं दगडी घर, तळघरात लाकडी पिंपं आणि अंगणात चिखलानं माखलेला ट्रॅक्टर. सगळा कारभार एका बाईचा, वय आईंच्याच आसपास. तिनं आईंचा हात धरून तळवा पाहिला आणि शेजारी स्वतःचा ठेवला. दोन्हीकडे सारख्याच भेगा. दोघी हसल्या. आई माळकरी, म्हणून तिनं त्यांना द्राक्षाचा नुसता रस दिला. एकीची भाषा दुसरीला कळत नव्हती, तरी आई तिच्या मागोमाग तळघरभर फिरून आल्या.

मी मात्र अंगणातल्या बाकावर बसून रंगात आले होते. ग्लास गोल फिरवायचा, वास घ्यायचा, डोळे मिटून 'अहाहा' करायचं. खरं तर वाइन आंबटढाण लागत होती. पण ऑफिसच्या पार्ट्यांत शिकलेले सगळे चाळे मी तिथे करून घेतले.

तोड होऊन गेली होती. वेली पिवळ्या, रिकाम्या. फक्त सगळ्यात वरच्या तालीवर काही सुरकुतलेले घड लोंबत होते. बाई आत पाव आणायला गेलेली, नवराही तिच्या मदतीला. आई त्या तालीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अगं, ह्यो सरवा हाय का? घेऊ का?"

सरवा म्हणजे पीक निघाल्यावर रानात मागे राहतं ते. भुईमूग काढून झाला, कांदे काढून झाले, की उरलंसुरलं ज्याला हवं त्यानं वेचावं. मालकानं अडवलं तर गाव त्यालाच नावं ठेवतं. चाकणच्या आसपास रानं कमी आणि गोदामं जास्त झाली, तरी आईंच्या वाडीत हे अजून चालतं. उभ्या पिकाला मात्र त्यांनी कधी हात लावलेला नाही. म्हणून तर त्या विचारत होत्या. आणि इंग्रजी मला येतं, म्हणून मला विचारत होत्या.

मी ग्लासातून मान वर न काढता म्हणाले, "घ्या, घ्या."

बाई पावाची टोपली घेऊन बाहेर आली तेव्हा आई पदर भरून खाली उतरत होत्या. मोठ्या खुशीत होत्या. आल्या आल्या त्यांनी त्यातला चांगला घड आधी तिच्यापुढे धरला. बाईचा चेहरा उतरला. ती रागावली नाही. तिनं हळूहळू इंग्रजीत समजावून सांगितलं, की हे घड मुद्दाम वेलीवर ठेवलेत. थंडीत सुकले की त्यांची गोड वाइन होते, मोजक्याच बाटल्या निघतात.

'चूक माझी. त्यांनी विचारलं होतं, मीच न बघता हो म्हटलं.' एवढंच म्हणायचं होतं. इंग्रजी बोलण्यावरच तर माझं पोट चालतं! पण मी म्हणाले, "माफ करा, त्या खेड्यातल्या आहेत, त्यांना कळत नाही." आणि आईंचा पदर ओढून टेबलावर रिकामा केला. दोन मणी लुगड्याला चिकटले होते, तेही झटकले.

"आई, विचारायचंस तरी," नवरा म्हणाला.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. आता सांगतील, असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "चुकलं बाबा." बाईनं त्यातलाच एक घड त्यांना देऊ केला. आईंनी हात जोडले, पण घेतला नाही.

परतताना बसमध्ये नवरा पुढे बसला होता. खिडकीबाहेर बघत आई म्हणाल्या, "कंपनीत पॅकिंगला व्हते तवा रोज गेटावर झडती द्यायची. पर ती झडतीवाली बाईसुदिक अंगाला हात लावायच्या आदी 'मावशी' म्हणायची."  मी उलट मनातून चिडले, की एवढं काय झालंय. माझं हे असंच आहे. चूक माझी असली की राग दुसऱ्याचा येतो.

भारतात परतल्यावर चिंचवडला नणंदेकडे जेवायला गेलो. "आमच्या आईनं परदेशात सरवा केला!" नवऱ्यानं साग्रसंगीत सांगितलं. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. आईही तोंडाला पदर लावून हसल्या. मी भात वाढत होते, ती वाढतच राहिले. तिथे तरी बोलायला हवं होतं. लाज वाटली, आणि लाजेपोटीच गप्प बसले.

सध्या आई पिंपळे सौदागरला आमच्याकडे आल्यात. परवा मी घरून काम करत होते, मीटिंग चालू होती. त्यांनी फ्रिज उघडला. आत पेरू होते, त्यांनीच गावाहून आणलेले, त्यांच्याच परसातल्या झाडाचे.

"यातला एक घेऊ का गं?"

"घ्या ना, आई," मी लॅपटॉपमध्ये बघत म्हणाले.

फ्रिजचं दार लागल्याचा आवाज येईना. मी मान वळवली. आई तशाच उभ्या होत्या, हात पेरूपर्यंत गेलेला नव्हता.

"उठून बघ आदी," त्या म्हणाल्या. "कशाला ठिवलं असतील, तर मंग?"

टोमणा असता तर मी भांडले असते. त्या खरंच विचारत होत्या.