चौदावा फोन कोणाचा?

खर्रर्र... खर्रर्र... आमच्या लहानपणी गावात एकच फोन होता, पोस्टातला, आणि तो असा खरखरायचा. पलीकडचा माणूस खामगावात असो की मुंबईत, अलीकडचा इतका ओरडायचा की कोणाच्या घरी मुलगा झाला ते आम्हाला वर्गात बसून कळायचं.

आज पिंपळगाव राजातल्या आमच्या गल्लीत फोन नसलेलं माणूस शोधावं लागेल... पण मोबाइलचं नेट दोन काड्यांच्या वर चढत नाही. म्हणून दिवाळीत मुलानं घरी वायफाय बसवून दिलं. "बाबा, आता आरामात कविता ऐकत बसा," म्हणाला.

पण मी पडलो जन्माचा मास्तर. कोणी पासवर्ड मागितला की देऊन टाकायचो. विद्या लपवू नये हे शिकवण्यात उभी हयात गेली, तिथे पासवर्ड कसा लपवावा...

हळूहळू घरासमोरचा ओटा भरायला लागला. बायका ब्लाउजच्या गळ्यांचे नमुने बघायच्या, कपाशीवाले बोंडअळीवरची औषधं. बीटी कपाशी आली तेव्हा वाटलं होतं, अळीचा विषय संपला. आता आमच्या ओट्यावर सगळ्यात जास्त व्हिडीओ तिचेच चालतात.

ही म्हणायची, "शाळा सुटून बारा वर्षं झाली, तरी तुमची पोरं काही घरी जात नाईत." खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं.

नातू सांगतो, जगभर हेच चाललंय. नेटचा वापर वाढतोच आहे आणि त्यातला मोठा घास व्हिडीओ खातात. बाहेरच्या देशांत म्हणे घरोघरी वायफाय... आमच्याकडे फोन घरोघरी आणि वायफाय एका घरी.

तर परवा सकाळी नसरीन आली. समोरच्या गादीवाल्या रशीदभाईंची मुलगी, माझ्या चौथीच्या शेवटच्या तुकडीतली. नर्सिंग झालंय तिचं. अकरा वाजता नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्याची ऑनलाइन मुलाखत होती, कितीतरी अर्ज केल्यावर आलेलं हे पहिलंच बोलावणं.

आतल्या खोलीत टेबल मांडलं, मागे हिनं इस्त्रीची चादर लावली. पावणेअकराला नसरीननं मैत्रिणीला कॉल करून पाहिला, तर चित्र सारखं थिजायचं. मैत्रिणीचं तोंड उघडं ते उघडंच...

"सर, तुमच्या वायफायवर किती जण हायेत?" म्हणत तिनं माझ्या फोनवर वायफायचं ॲप उघडलं. जोडलेल्या फोनांची यादी आली. आमचे दोघांचे सोडून चौदा. मी आपला पाच-सहा धरून चाललो होतो.

"पासवर्ड बदलून टाकू?"

"नको गं. मागे बदलला तर राउटर दोन तास रुसून बसला होता."

पोरीच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. मी चष्मा लावला, फोन घेतला आणि ओट्यावर येऊन उभा राहिलो. नावांची यादी हातात आली की मला एकच काम येतं... हजेरी.

"किलर बॉय!"

कोणी हललं नाही. मग पन्नाशीतला गजानन, माझा जुना विद्यार्थी, टोपी सारखी करत उठला. "हजर, सर. पोट्ट्यानं टाकून देल्लं ते नाव."

"वायफाय बंद कर. नसरीनची मुलाखत आहे. पुढचा, पापा की परी?"

शेजारच्या शकुंतलाबाई दारातून म्हणाल्या, "काऊन ओरडून राह्यले, गुरुजी? माहा हाय तो. पोरीचा जुना."

एकेक करत तेरा फोन बंद झाले. कुरकुर कोणी केली नाही. गजानन तेवढा म्हणाला, "सर, तिचं होयेपर्यंत माणसानं काय करावं?"

"चौथीची कविता म्हणा," मी म्हटलं. "चालीत. पण कुजबुजत."

आणि म्हणाले हो... पिकल्या मिशांची माणसं ओट्यावर मांडी घालून कुजबुजत कविता म्हणू लागली. तिसऱ्या कडव्याला सगळे अडले, तर पुढची ओळ शकुंतलाबाईंनी दिली. त्या कधी शाळेत आल्या नव्हत्या. शाळेच्या कुंपणाला लागून त्यांचं माहेर होतं, भांडी घासता घासता पाठ झालेली.

तेवढ्यात आतून नसरीनचा आवाज आला. "सर, चित्र अजून थिजून राह्यलं. कोणाचा तरी फोन चालूच हाय."

यादीत पाहिलं तर चौदावा. नावाच्या जागी नुसती अक्षरं आणि आकडे. मी तीनदा पुकारलं, कविता थांबली, सगळे आपापला फोन पुन्हा तपासू लागले. अकराला चार मिनिटं होती.

फाटक वाजलं... दारात जनार्दन उभा होता. भिंतीपलीकडचा शेजारी, चौथीपर्यंत माझ्याच बाकावर बसलेला. आमच्या शेतांमधल्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, एका बाभळीपायी आमचं बोलणं नऊ वर्षं बंद. समोर आला की तो रस्ता बदलायचा आणि मी चष्मा पुसायचो.

त्याच्या हातातल्या फोनवर कुस्तीचा व्हिडीओ चालूच होता.

"मास्तर," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "चौदावा माहा हाय. नातीनं जोडून देल्ला... चार महिने झाले. हजेरी ऐकू आली, पण हे बंद कराले मले येत नाई."

मी फोन घेतला, वायफाय बंद केलं. आतून आवाज आला, "गुड मॉर्निंग, मॅडम..." आणि या वेळी तो कुठेच तुटला नाही.

जनार्दन फोन घेऊन वळायला लागला. मुलानं बसवलेल्या त्या वायफायच्या डबीचे मी मनातल्या मनात आभार मानले. गजानन बाजूला सरकला, ओट्यावर एका माणसाची जागा झाली.

"बस, जना," मी म्हटलं.

त्यानं चपला काढल्या.