मालनबाईंची मोगरा

आमच्या कसबा पेठेत मालनबाईंना सगळे घोडीवाल्या बाई म्हणतात. नवरा गेला, पण वरातीची घोडी त्यांनी विकली नाही. "हे बायकांचं काम नव्हे," म्हणणारे पुष्कळ भेटले. बाई म्हणायच्या, "बरं, मग लगाम तुम्ही धरा." धरायला कुणी आलं नाही. मी समोरच राहते, त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

घोडीचं नाव मोगरा. चैत्रात तिने हरभऱ्याचं पोतं फाडलं, पोटाला तड लागेस्तोवर खाल्लं आणि तिचे पुढचे खूर तापले. तव्यावर उभं केल्यासारखी आलटून पालटून पाय उचलायची. जनावरांच्या डॉक्टर तनया आल्या. म्हणाल्या, "खुराच्या आत सूज आहे. दाणा बंद, पायाखाली वाळू पसरा. मी सांगेपर्यंत वरात नाही, नाहीतर आतलं हाड सुटेल."

बाईंनी वैशाखातल्या सगळ्या सुपाऱ्या परत केल्या. बर्फाच्या पाण्यात तिचे खूर धरून बसायच्या आणि पोटासाठी लोकांच्या घरी पोळ्या लाटायच्या. मदतीला धाकटा भाऊ शंभू होता.

एका सकाळी बघतात तर काय, मोगरा ठणठणीत! सरळ चालतेय. शंभू म्हणाला, "अक्का, तुझी सेवा फळली गं." बाईंनी त्याच्यावरून कडाकडा बोटं मोडली, गल्लीत पेढे वाटले. मीही खाल्ला, काय सांगू! त्याच संध्याकाळी शंभूच्या मित्राची वरात होती. बाई हो म्हणाल्या. घोडी चालतेय, आता डॉक्टरांना काय विचारायचं? दुखायचं थांबलं की आजार गेला, असंच आपण सगळे समजतो.

मोगरा डीजेपुढे नाचली. घरी येऊन जी बसली, ती उठलीच नाही. डॉक्टरांनी तिच्या मानेवर सुईची खूण दाखवली. कुणीतरी दुखणं मारायचं इंजेक्शन टोचलं होतं, आणि आत हाड सुटलं होतं. शंभू खाली बघत म्हणाला, "मित्राला शब्द दिला होता, अक्का."

आता इलाज नव्हता. डॉक्टरांनी शेवटची सुई दिली, तेव्हा मोगराचं डोकं बाईंच्या मांडीवर होतं. बाई शंभूला म्हणाल्या, "दुखत होतं म्हणून ती जपून उभी होती रे. तेवढंही तू काढून घेतलंस."

भाऊबीजेला हा बहाद्दर साडी घेऊन हजर. लाज कशाशी खातात, विचारा! टोपी घालून स्वतःच पाट मांडून बसला. बाईंनी निरांजन लावलं, ताट उचललं आणि त्याच्या शेजारून सरळ बाहेर गॅलरीत आल्या. समोरच्या पत्र्यांवर बीजेची कोर दिसत होती. भाऊ नसलेली बाई ओवाळते, तसं त्यांनी चंद्राला ओवाळलं. आत शंभू पाटावर तसाच बसून होता.