नळीतला निळा रंग

आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या घरात बाबांची साखर तपासण्याचं काम माझ्याकडे होतं. मी मोरिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला, त्यामुळे या विषयात माझा शब्द शेवटचा. बोटाला टोचून साखर मोजायची यंत्रं तेव्हा आमच्यासारख्यांच्या घरी नव्हती. परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं होत विटकरी झालं तर भरपूर.

"काय म्हणतंय आमचं सरबत?" बाबा दाढी करता करता विचारायचे.

"हिरवं. काल कुणाकडे जिलेबी खाल्लीत?"

"तू केमिस्ट आहेस की हवालदार?"

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बाबांना जिना चढताना धाप लागू लागली, म्हणून त्यांना उल्हासनगर कॅम्प चारमधल्या आमच्या सिंधी डॉक्टरांकडे नेलं. बाबा बाहेर चपला घालत असताना डॉक्टर मला हळूच म्हणाले, "बेटा, कार्डिओग्राम निकलवा ले. शुगरवाले का दिल चुपचाप बिगड़ता है. दर्द होगा ही, ऐसा नहीं."

मी मान हलवली.

"काय म्हणाले?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. पथ्य पाळा म्हणाले."

त्यांना घाबरवायचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं तर मला ते पटलंच नव्हतं. महिनाभर नळी निळी येत होती. ज्याची साखर ताब्यात आहे, त्याच्या हृदयाला काय होणार? शिवाय त्यासाठी रजा टाकायचा मला कंटाळा होता. हेही लिहायला हवं.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी, बाबा भाजी घेऊन आले आणि दुसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसले. शर्ट घामाने चिंब.

"छातीत दुखतंय?"

"नाही रे. गळून गेल्यासारखं वाटतंय."

सकाळीच नळी निळी आली होती. मी ठामपणे सांगितलं, "आई, साखर उतरलीय. साखरेचं पाणी आण."

"अरे, डॉक्टरांना बोलावू या का?"

"मी आहे ना!"

त्यांना घरात आणून निजवलं आणि तासभर मी चमच्याने पाणी पाजत बसलो. ओठ काळपट दिसू लागले, तेव्हा कुठे रिक्षा आणली.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी कागदाची पट्टी उलगडून दाखवली. हा झटका दुसरा होता. पहिला आधीच कधीतरी येऊन गेला होता. इतक्या वर्षांच्या साखरेने नसा बधिर केल्या होत्या, म्हणून दुखलं नसावं. माझी नळी त्या त्या सकाळपुरतं बोलायची. पंधरा वर्षांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं काय झालं, ते तिला कुठून कळणार?

दुपारी बाबांनी डोळे उघडले. "आज निळं होतं ना?"

"हो, बाबा."

"मग सोडतील उद्या," ते म्हणाले. संध्याकाळी गेले.

आई पुढे कितीतरी वर्षं भेटायला येणाऱ्यांना सांगायची, "पोराने एक दिवस तपासणी चुकवली नाही हो." मी तिच्या शेजारी बसून ऐकून घ्यायचो. कार्डिओग्रामचं तिला सांगायचं, असं दर वेळी ठरवायचो. मग ती चहा ठेवायला उठायची आणि मी कप काढून द्यायचो.

आता तीही नाही.